हरिपूरचं पेव आणि डॉट कॉम

गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं न टेकतं तोच त्याचा पहिला प्रश्न काय असणार, हे मला आता ठाऊक असतं. परवा विट्याचा एक तरुण सोनार आला. पावसानं भिजलेली छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आधीच म्हणाला, "सर, डॉट कॉम घेऊ का डॉट इन? सर्चमध्ये वर कुठलं येतं?"

वेबसाइटच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जी अक्षरं लागतात, त्यांना मी शेपूट म्हणतो. सोनाराला मी सांगितलं, "शेपटामुळे कोणी वर चढत नाही. देशाचं शेपूट लावलंत, तर त्या देशातल्या माणसाला शोधताना तुम्ही थोडे जवळचे ठरता, इतकंच. बाकी पानावर काय लिहिलंय आणि तुमच्या पानाकडे वाट दाखवणाऱ्या दुसऱ्या वेबसाइट किती, यावर सगळं चालतं." तो खूश झाला. मी हे इतक्या ठामपणे सांगतो, की मी ते कुठल्यातरी कोर्समध्ये शिकलो असेन असं लोकांना वाटतं.

मी ते सांगलीत शिकलो. आणि तेव्हाही मी इतक्याच ठामपणे बोलत होतो, फक्त उलटं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी मूळचा साताऱ्याचा. तिथं टायपिंगच्या क्लासमध्ये दोन कॉम्प्युटर घेऊन बसलो होतो, मग सांगलीत गाळा मिळाला म्हणून इकडे आलो. इंटरनेट होतं, पण त्याच्यासाठी पुण्याच्या नंबरला एसटीडी लावावी लागे. मोडेम किंचाळायचा, जोडणी लागायची, आणि एक पान उघडेपर्यंत चहा निवायचा. वेबसाइट म्हणजे काय हे सांगण्यातच माझा निम्मा दिवस जाई. मी सांगायचो, अमेरिकेतल्या एका मशीनवर भाड्यानं जागा घ्यायची, तिथं आपली पानं ठेवायची, आणि त्या जागेला एक नाव द्यायचं. जागा निराळी, नाव निराळं. घर बदललं तरी नाव तेच ठेवता येतं, फक्त नाव आता कुठल्या घराकडे जातं हे कळवावं लागतं. हे मी लोकांना समजावून सांगायचो. स्वतःच विसरलो, ते पुढे येईल.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. साताऱ्याचे एक पेढेवाले होते. तेव्हा वेबसाइटच्या मोठमोठ्या याद्या माणसं हातानं करत आणि त्या याद्या अक्षरांच्या क्रमानं लावलेल्या असत. टेलिफोनच्या पुस्तकासारख्या. हे कळल्यावर पेढेवाल्यांनी दुकानाच्या नावाआधी तीन वेळा इंग्रजी 'ए' लावायला सांगितला. मी म्हटलं, "काका, हे वाचायचं कसं?" ते म्हणाले, "वाचायचं कशाला? वर दिसल्याशी मतलब." कोरेगावच्या एक बाई वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. त्यांना डॉट ऑर्गच हवं होतं, कारण त्यात त्यांना सेवाभाव दिसे. "डॉट कॉम लावलं की दलाली वाटते हो," म्हणायच्या. दोघांचंही मी ऐकलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

आदगोंडा मगदुमांचं मात्र मी ऐकलं नाही. त्यांना माझं ऐकायला लावलं.

सांगलीचं सारं मार्केट यार्ड त्यांना आप्पा म्हणायचं. हळदीची अडत. शेतकरी हळद घेऊन येणार, आप्पांच्या दुकानात तिचा सौदा लागणार, भाव पटला नाही तर शेतकरी ती सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात ठेवणार आणि भाव चढायची वाट बघणार. पेव म्हणजे जमिनीत खणलेली रांजणाच्या आकाराची खोल कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं. आत पाचट आणि चटया लावून हळद ओततात, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपतात. आत कीड लागत नाही, रंग जात नाही. आप्पांच्या ताब्यात अशी पुष्कळ पेवं होती, आणि त्यांत वाळव्याकडच्या शेतकऱ्यांची हळद त्यांच्या शब्दावर पडून असायची.

आप्पांनी नुकतीच आखातात हळद पाठवायला सुरुवात केली होती. वेबसाइट मीच केली. शेपूट होतं डॉट को डॉट इन. तेव्हा ते मिळवायला मुंबईच्या एका कचेरीत कागदपत्रं घालावी लागत, फर्मचा दाखला द्यावा लागे, मग वाट बघायची. आप्पांना त्याचा अभिमान होता. "उगं कुणालाबी मिळत न्हाई ते," असं ते दिवाणजींना सांगायचे. दिवाणजी म्हणजे दुकानाचे कारभारी, सगळा हिशेब आणि सगळी माणसं सांभाळणारे. आणि आप्पांनी मला न विचारता एक गोष्ट केली. परदेशी जाणाऱ्या पोत्यांवर दुकानाचा मार्का छापतात, त्या मार्क्याखाली त्यांनी वेबसाइटचा पत्ताही छापायला लावला. पत्र्याचा छाप, निळी शाई.

मला हसू आलं होतं. पोत्यावरचा पत्ता बघून कोण कॉम्प्युटर उघडणार?

काही महिने गेले. सर्च इंजिनमध्ये 'टर्मरिक' टाकलं, की आप्पांची वेबसाइट कुठंच दिसत नव्हती. पानांमागून पानं उलटली तरी नाही. मी पुण्याच्या एका व्याख्यानाला जाऊन आलो होतो. तिथं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं, की सर्च इंजिन डॉट कॉमला झुकतं माप देतं. मी घरी येऊन पडताळून पाहिलं. पहिल्या पानावर सगळी डॉट कॉम. मला पटलं.

यातली चूक आज शाळकरी पोरालाही दाखवता येईल. शर्यतीत उतरलेल्या शंभरांतल्या नव्वद बैलजोड्या पांढऱ्या असतील, तर पहिली येणारी जोडी बहुतेक पांढरीच असणार. बैल काही रंगानं पळत नाही. जगातली बहुतेक दुकानं तेव्हा डॉट कॉमचीच होती, म्हणून वर तीच दिसत होती. आप्पांची वेबसाइट न दिसण्याचं खरं कारण माझ्याच हातचं होतं. मी सगळं चित्रांत केलं होतं. दुकानाचं नाव चित्रात, 'सांगलीची राजापुरी हळद' ही ओळसुद्धा चित्रात, सुंदर पिवळ्या अक्षरांत. माणसाला ते वाचता यायचं. सर्च इंजिनला चित्र वाचता येत नव्हतं, त्याला साधी टाइप केलेली अक्षरं लागत. त्याच्या लेखी ते पान कोरं होतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' असं म्हणायला जी हिंमत लागते, तीही नव्हती. मी आप्पांकडे गेलो.

"आप्पा, शेपूट बदलायला पाहिजे. डॉट कॉम घेतलं की वर येतं."

"नक्की?"

"शंभर टक्के."

"आन् ह्ये जुनं?"

"आता त्याची गरज नाही."

"चांगलं हाय की रं हे. इंडिया लिवलंय त्यात."

"सर्च इंजिनला त्याचं काय?" मी म्हणालो. हे वाक्य मला अजून ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

त्यांनी मान हलवली. मी डॉट कॉमचं नाव घेतलं, पानं नव्या जागेत हलवली, अमेरिकेतली जुनी जागा सोडून दिली. जुनं नाव आप्पांचंच होतं, पण ते आता जिथं जायचं तिथं काही उरलं नव्हतं. ते नव्या घराकडे वळवायला मुंबईला एक अर्ज लागला असता. मी केला नाही. कोण येतंय त्या वाटेनं, असं मला वाटलं.

भाद्रपद लागला. जैनांचं पर्युषण सुरू झालं. या पर्वाचे शेवटचे दिवस आप्पा दुकानाला कुलूप लावून घरच्यांसह बाहुबलीच्या डोंगराला जात. उपास, पूजा, मौन. यार्डात हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच दिवसांत आखातातल्या एका व्यापाऱ्यानं पोत्यावरचा निळा पत्ता वाचला आणि कॉम्प्युटरवर टाइप केला. त्याला आणखी माल हवा होता. पान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानं दुकानात फोन लावला, कुणी उचलला नाही. त्यानं आपल्या मुंबईच्या माणसाला विचारलं, मुंबईच्या माणसानं सांगलीच्या यार्डातल्या एका दलालाला विचारलं, "मगदुमांची पेढी बंद झाली काय?"

अडतीच्या धंद्यात यापेक्षा वाईट प्रश्न नाही. पेढी बंद झाली याचा अर्थ पेढी बुडाली. दर वर्षी लागणारं कुलूप त्या वर्षी निराळं दिसायला लागलं. दलालानं चहावाल्याला सांगितलं, चहावाल्यानं वाळव्याच्या ट्रकवाल्याला. "मुंबईहून फोन आलाय गड्या, उगं कोण फोन करंल?" ट्रक इस्लामपूरला पोचला, तोवर आप्पा कर्नाटकात पळाले होते.

मला कळलं ते दिवाणजींकडून. ते गाळ्यात आले तेव्हा टोपी हातात होती. यार्डातलं सगळं त्यांनी सांगितलं, मुंबईचा फोन, आखातातला व्यापारी, सगळं. "लोक हरिपूरला जमल्यात. पेवं उघडा म्हणत्यात, आमची हळद आमाला द्या. बाहेर पाऊस लागलाय. आत पाणी गेलं तर सगळी नासंल. मी समजावून थकलो. त्या व्यापाऱ्याला असं वाटलंच कसं, तेवढं सांगा."

पोत्यावर कुठला पत्ता आहे, हे मला माहीत होतं. मी दिवाणजींना तिथंच सांगितलं, की ही माझी करणी आहे. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. फक्त म्हणाले, "आप्पांना आणा."

मी स्कूटर काढली. डोंगराच्या पायऱ्या चढून गेलो, तेव्हा आप्पा इतर मंडळींबरोबर मांडी घालून बसले होते. मौन होतं. मी त्यांच्या समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. जुना पत्ता, नवा पत्ता, पोती, मुंबई, हरिपूर. ते बोलू शकत नव्हते, त्यामुळे मला थांबवायलाही कुणी नव्हतं. मी बोलत गेलो, शेवटी हेही बोललो, की शंभर टक्के म्हणालो तेव्हा मला पन्नास टक्केही खात्री नव्हती.

आप्पांनी डोळे मिटले. हात जोडले. मग मौन सोडलं.

"पेवं उघडली?"

"मी निघालो तोवर नाही."

"चल."

उपाशी माणूस, वय सत्तरीकडे झुकलेलं, पावसात माझ्या मागं स्कूटरवर बसला.

हरिपुरात पेवांपाशी पन्नासेक माणसं होती. गोणपाटाच्या खोळी डोक्यावर घेतलेली. आप्पा उतरले तशी कुजबुज थांबली. सगळ्यांत पुढे शामराव तात्या उभे होते. इस्लामपूरजवळच्या गावचे. त्यांच्या वडिलांपासून त्यांची हळद आप्पांच्या दुकानात येत होती.

"आलासा व्हय?" तात्या म्हणाले. "आमी म्हनलं, गेलासा."

"कुटं जाऊ रं?" आप्पा म्हणाले. "पर्वात मी कुटं आसतो, तुला ठावं न्हाई?"

"ठावं हाय. पर मुंबईचा फोन कसला म्हनं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यो सांगंल."

मी सांगायला लागलो. वेबसाइट, शेपूट, जुनं नाव. अर्ध्या वाक्यात कुणीतरी ओरडलं, "काय बोलतंय ह्ये पोरगं?" दुसरा म्हणाला, "आवं, शिकल्यालं हाय, म्हणून कळंना." लोक हसले. मी परत सुरुवात केली. या वेळी सोपं केलं. "दुकानाची पाटी मी काढून दुसरीकडे लावली. जुन्या जागेवर 'इथं या' असं लिहून ठेवायचं राहिलं. पोत्यावर जुन्या जागेचा पत्ता. त्या पत्त्यावर माणूस आला, त्याला मोकळी जागा दिसली, त्याला वाटलं दुकान गेलं. दुकान जागेवर आहे. चूक माझी आहे, आप्पांची नाही."

"मंग पाटी काढलीस कशापायी?" तात्यांनी विचारलं.

"नवी लावली की जास्त गिऱ्हाईक दिसेल, असं मला वाटलं."

"दिसलं का?"

"नाही."

पुन्हा हसले लोक, पण या वेळी त्या हसण्यात राग नव्हता. आप्पा म्हणाले, "ज्याला आपली हळद पाहिजे, त्यानं आत्ता काढावी. मी हितंच हुबा ऱ्हातो. फकस्त पाऊस हाय, नुकसान तुमचं हुईल, तेवढं बघा."

ते पावसात उभे राहिले. छत्रीही घेईनात. लोक एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "जाऊ द्या, आप्पा हायत न्हवं जाग्यावर." दोघंतिघं मागे सरले.

पण तात्यांनी सगळ्यांच्या आधी मागणी केली होती, सगळ्यांच्या समोर. त्यांना मागे सरता येईना. "माजं उघडा," ते म्हणाले.

ताडपत्री ताणून धरली. फरशी सरकवली. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आतली हवा गुदमरवून मारते. कामगारानं दोरीला बांधून कंदील आत सोडला. तो खाली जाता जाता विझला. मग वाट बघणं आलं. आतली हवा खेळती होईपर्यंत सगळे थांबले. पाऊस ताडपत्रीवरून वाहत होता आणि कडेनं पेवात झिरपत होता. तात्या तिकडेच बघत होते. त्या वेळात निम्मी माणसं निघून गेली, जाताना आप्पांच्या पाया पडून गेली. तात्या बसूनच राहिले. मी त्यांच्यापाशी गेलो.

"तात्या, झाका आता. माझं ऐका."

"तुजं ऐकूनच तर ह्ये झालंय," ते म्हणाले. तिरसटपणे नाही, नुसतं खरं म्हणून.

दुसऱ्यांदा कंदील खाली गेला, तो विझला नाही. कामगार उतरला. हळद वर यायला लागली. वरचा थर ओलसर झाला होता. तात्यांनी एक हळकुंड घेऊन मोडलं, आतला रंग बघितला आणि मोडलेले दोन्ही तुकडे खिशात घातले. त्यांचा ट्रक भरून गेला. ओल्या मालाला दुसऱ्या अडतीत काय भाव मिळाला, ते मला नंतर कळलं. इथं लिहीत नाही.

बाकी एकही पेव उघडलं नाही. आप्पांची पेढी राहिली.

पुढच्या आठवड्यात मी मुंबईला स्वतः गेलो आणि जुन्या नावाचा अर्ज करून आलो. दोन्ही नावं एकाच घराकडे जाऊ लागली. आखातातल्या व्यापाऱ्याची मागणी आली, मुंबईच्या माणसाकडून नव्हे, थेट. मग मी चित्रं काढून टाकली. दिवाणजींना शेजारी बसवलं आणि हळद कशी उकडतात, कशी वाळवतात, पेव म्हणजे काय, राजापुरी कशी ओळखायची, हे ते सांगत गेले आणि मी साध्या इंग्रजीत टाइप करत गेलो. हिवाळा सरेपर्यंत 'सांगली टर्मरिक' टाकलं की आप्पांची वेबसाइट पहिली यायला लागली. कधी जुन्या नावानं, कधी नव्या. सर्च इंजिनला काडीचा फरक पडत नव्हता. त्या दिवसापासून मी कुठल्याही गिऱ्हाइकाला शेपटाबद्दल न अडखळता उत्तर देऊ शकतो. आणि जे ठाऊक नसेल, तिथं 'बघून सांगतो' म्हणतो. यामुळे काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

पहिलं आलेलं ते पान छापून घेऊन मी हरिपूरला आप्पांना दाखवायला गेलो. उन्हाळा होता, नवी हळद पेवांत भरून झाली होती आणि तोंडं लिंपायचं काम चाललं होतं. आप्पांनी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून बघितला. "बेस," म्हणाले. दिवाणजी त्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "आप्पा, तात्यांचं पेव मोकळंच हाय. बोरगावचा एक जण मागतोय. देऊ?"

"ते तात्याचं हाय."

"तात्यांची हळद औंदा दुसरीकडं गेली."

"ऱ्हाऊ दे."

कामगार माती कालवत होता. बाकीची सगळी तोंडं लिंपून तो त्या पेवापाशी आला, आत वाकून बघितलं आणि घुटमळला.

"आप्पा, ह्ये रिकामंच हाय. लिंपू का?"

"लिंप की," आप्पा म्हणाले. "पावसाचं पानी आत जायला नगं."